वयल्या भाटाचे अंदाजपत्रक

१

विषय : मौजे कोंडाळ, तालुका डिचोली, येथील ‘वयलें भाट’ या जागेत सार्वजनिक उद्यान उभारणे, आराखडा व अंदाजपत्रक.

संदर्भ : (१) ग्रामपंचायतीचा ठराव, दिनांक ४ जानेवारी १९८८. (२) खाण कंपनीचा त्याच जागेत माती टाकण्याबाबतचा अर्ज, दिनांक अस्पष्ट. (३) श्रीमती अनुसया यांची तोंडी तक्रार, दिनांक रोजचाच.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मी पणजीच्या एका कचेरीत चोवीस वर्षे अंदाजपत्रके लिहिली आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. गोवा घटकराज्य झाले तेव्हा कचेरीतले रबरी शिक्के एका दिवसात जुने ठरले. माझ्या टेबलावरची माणसे त्याच्या बरीच आधी ठरली होती. गावी परतून चार कपाटे पुस्तके वाचायची, एवढाच माझा बेत होता.

पण सरपंच सगुण यांनी मला गाठले. वयलें भाट म्हणजे गावाच्या वरच्या अंगाची, सात काजूंची पंचायतीची जागा. तिच्या वर खाण. खाणीला आपली टाकाऊ माती टाकायला हीच जागा हवी होती. खाली, भाटाच्या खालच्या हद्दीच्या दगडापासून नऊ मीटरवर, अनुसयेचे घर. पलीकडच्या वाड्यावर असाच एक ढिगारा उभा राहिला होता, आणि गेल्या पावसाळ्यात तो तिथल्या दोन घरांत उतरला. लोकांनी भांडी फावड्याने बाहेर काढली.

नियम सोपा होता. घटकराज्याच्या पहिल्या वाढदिवसानिमित्त सरकारने उद्यानांसाठी अनुदान काढले होते. पंचायतीने मार्चअखेर उद्यानाचा प्रस्ताव मंजूर करून घेतला, तर खाणीचा अर्ज आपोआप निकालात निघणार होता. नाही, तर अनुसयेचे घर निकालात.

“भाऊ,” अनुसया मला म्हणाली, “तुमी थंय बाग करा नाय तर बाजार करा. माती तेवडी माझ्या चुलींत येवंक फावना.”

अर्ज कोंकणीत करावा की मराठीत, यावर पंचायतीत दोन बैठका झाल्या. आवाज चढले, एक कदेल, म्हणजे खुर्ची, मोडली. शेवटी अर्ज इंग्रजीत केला. त्यावर दोन्ही बाजू समाधानी होत्या.

२

बाहेरच्या लोकांचा समज असा की आधी जागा मोजतात, मग खर्च काढतात. कचेरीत उलटे असते. आधी मंजूर होण्याजोगी रक्कम धरायची, मग त्या रकमेला शोभेल असा खर्च, आणि शेवटी त्या खर्चाला शोभेल अशी जागा. याला अनुभव म्हणतात.

अनुदानाची मर्यादा पंचाहत्तर हजार. मी एका दुपारी मेजावर बसून चौऱ्याहत्तर हजार आठशे साठ रुपयांची बाग लावली. काटेरी तारेचे कुंपण, चिऱ्यांची पायवाट, सहा बाक, हिरवळ, जास्वंद, अबोली, एक फाटक आणि एक कारंजे. कारंजे कुणालाच नको होते. पण अंदाजपत्रकात साहेबांना खोडायला एक तरी बाब ठेवावी लागते, नाहीतर ते गरजेची बाब खोडतात.

अडचण एकच होती. जागा किमान दोन हजार चौरस मीटर असावी अशी अट होती. आमच्या बाबली गवंड्याला घेऊन मी भाट मोजले. पन्नास मीटरचा कापडी टेप, एक टोक खालच्या दगडावर माझ्याकडे, दुसरे वर करवंदीच्या जाळीमागे, हद्दीच्या बांधावर बाबलीकडे. जाळीमुळे एकमेकांना दिसत नाही, म्हणून खुणेची पद्धत असते. मी टेपला एक हिसका द्यायचा, वरच्याने टोक बांधावर टेकवून दोन हिसके द्यायचे, मग मी आकडा वाचायचा. रुंदी चाळीस भरली. लांबी साडेएकेचाळीस. म्हणजे सोळाशे साठ.

मी लांबीच्या रकान्यात पन्नास लिहिले.

मला त्याचे काही वाटले नाही. चोवीस वर्षांत मी कागदावर रस्ते रुंद केले होते, विहिरी खोल केल्या होत्या. पणजीहून कोंडाळला टेप घेऊन कोण येतो? साडेआठ मीटर जमीन वाढवायला मला लागला तेवढ्या वेळात चहासुद्धा निवला नाही.

३

फेब्रुवारीच्या अखेरीस, कुंपणाचे खुंट कुठे मारायचे ते ठरवायला आम्ही पुन्हा वर गेलो. सकाळचे दहा वाजले होते. बाबली टेपचे टोक घेऊन जाळीकडे निघाला. मी दगडावर टेकलो, खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला. बऱ्याच वेळाने टेप ताणला गेला. मी एक हिसका दिला.

वरून दोन हिसके आले.

त्रेचाळीस मीटर दहा. मी चष्मा पुन्हा पुसला. त्रेचाळीस दहा.

“भाऊ, च्या घेवया,” मागून बाबली म्हणाला.

तो भाटाच्या कडेने उतरून गेला असणार; आता अनुसयेच्या घराकडून वर येत होता. एका हातात किटली, दुसऱ्यात कागदात बांधलेले उंडे पाव.

“टेप कोणाकडे दिलास?” मी विचारले.

“कोणाकडे म्हणजे? टोंक जाळयेपाशी दवरलें आनी म्हटलें, आदी च्या हाडूया. मी बांदार गेलोंच ना अजून.”

टेप आमच्या दोघांमधून वर गेला होता. वाऱ्याने त्याला झोल पडत नव्हता इतका ताठ. बाबलीने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि किटली हळूच खाली ठेवली. ती ठेवल्याचा आवाज झाला आणि टेप सैल पडला.

आम्ही वर गेलो. टोकाची पितळी कडी बांधावर होती. काट्यात अडकलेली नव्हती, पडलेलीही नव्हती. बरोबर हद्दीवर, आडवी टेकवून ठेवलेली होती, शिकलेला माणूस ठेवतो तशी.

“काट्यात अडकला असणार,” मी म्हणालो.

“हय तर,” बाबली म्हणाला. “काटो दोनदां हिसको दिता केन्ना केन्ना.”

मी तीस वर्षे विवेकवादी पुस्तके वाचली आहेत. त्यांतल्या एकाही पुस्तकात टेपचा उल्लेख नाही.

४

कापडी टेप उन्हाने वाढतो हे खरे आहे. पण वाढलेल्या टेपने माप कमी भरते, जास्त नाही. हे मला दुसऱ्या दिवशी दाढी करताना आठवले आणि हनुवटी कापली.

मी डिचोलीच्या बाजारातून पोलादी टेप आणला. चव्वेचाळीस साठ. चार दिवसांनी शेहेचाळीस वीस. मी बाबलीला मुद्दाम जाळीच्या अलीकडे, मला दिसेल असा उभा ठेवला आणि टोक जाळीमागे सरकवायला सांगितले. दोन हिसके आले तेव्हा बाबलीचे दोन्ही हात डोक्यावर होते. ते त्याने आपणहून वर केले होते, पोलिसाने धरावे तसे.

“तुझी रोजंदारी मी चालू ठेवतो,” मी त्याला म्हणालो.

“रोज चालू दवरा,” तो म्हणाला. “पूण हांव थंय वचना.”

त्याच आठवड्यात अनुसयेने मला हाक मारून वर नेले. भाटातल्या तिसऱ्या आणि चौथ्या काजूत तिची कपडे वाळत घालायची दोरी होती, लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच दोन झाडांत. दोरी तुटून पडली होती.

“पयलीं सैल आसताली, तीवर गोदडी घातली की जमनीक टेकताली,” ती म्हणाली. “मागीर ताणली. काल वीणेच्या तारेवरी वाजताली. आज सकाळी तुटली.” तिने दोन्ही तुकडे हातात धरून जोडायला नेले. दोन पावले कमी पडली. “झाडां पळून गेलीं काय म्हणून मोजलीं. सातच आसात.”

मीही मोजली. सात. त्यांच्या ढोल्या त्याच, चिकाचे डाग तेच. बाबलीने कोवळेपणी कोयत्याने कोरलेले स्वतःचे नावही जागच्या जागी. फक्त झाडांच्या मधल्या जागा मोठ्या झाल्या होत्या. मी चालून पाहिले. एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत पूर्वी नऊ पावले होती, आता अकरा. म्हातारपणी पाऊल आखूड होते, असे मी स्वतःला सांगितले. आठवड्याभरात एवढे होते का, हे मात्र विचारले नाही.

मधल्या त्या जास्तीच्या जागेत गवत नव्हते. ओली लाल माती होती, नुकतीच कुणी शाई टिपावी तशी सपाट. मी तिच्यावर पाय ठेवला नाही. वळसा घालून गेलो.

आणि एवढे होऊनही, घरी येऊन मी वजाबाकी केली. पन्नासला अजून तीन ऐंशी हवे होते, आणि मार्च संपायला तीन आठवडे. मला आठवते, मी मनात म्हणालो : वेग पुरेसा आहे.

५

खाणीचा सुपरवायझर राजेश वीस मार्चला जीपमधून आला. तरुण, इस्त्रीचा, बोलायला गोड.

“काका, तुमचें अंदाजपत्रक वाचलें. भाषा फर्स्ट क्लास,” तो म्हणाला. “पूण आमच्या नकाशार ही जागा सोळाशे साठ आसा. तुमची बाग कागदारच फुलतली दिसता.”

“कागदावर फुलली की बाकीचे पाणी सरकार घालते,” मी म्हणालो.

“आमी संयुक्त मोजणी मागल्या. अठ्ठावीसाक. माप कमी भरलें जाल्यार प्रस्ताव रद्द. आनी खोट्या मापार सही कोणाची आसा, तेंय साहेब पळयतले.” जीपमध्ये बसता बसता तो थांबला. “एक सांगा, आमचो वयलो रस्तो तुमच्या लोकांनी कापला काय? धा वर्सां ट्रक थंय वळतालो. आता वळना.”

मी नाही म्हणालो. ते खरे होते.

अठ्ठावीसला अर्धा गाव भाटात जमला. सरकारी मोजणीदार आपला पोलादी टेप घेऊन आले होते. शांत, कंटाळलेले गृहस्थ. अनुसया दगडाजवळ पदर खोचून उभी होती. तिने सकाळीच घरातली भांडी आणि देव एका ट्रंकेत भरले होते, निकाल विरुद्ध गेला तर बहिणीकडे मांद्र्याला जायला. ट्रंक सोप्यावर दिसत होती.

मोजणीदारांचा शिपाई टोक घेऊन जाळीत शिरला. हिसका. दोन हिसके.

“पन्नास,” मोजणीदार म्हणाले. “शून्य शून्य.”

गावाने श्वास सोडला तो मला ऐकू आला. राजेश म्हणाला, परत. परत मोजले. पन्नास शून्य शून्य. चोवीस वर्षांत मी एवढे स्वच्छ माप पाहिले नव्हते. खरी जमीन कधी पूर्णांकात भरत नाही. पूर्णांक फक्त कचेरीत भरतात.

“शिपाई पंचायतीचो उंडो खावन आयला,” राजेश म्हणाला. “टोंक हांव धरतां.” आणि तो स्वतः वर गेला.

टेप ताणला. दोन हिसके आले. पन्नास. पण राजेश परत येईना. मोजणीदारांनी माझ्याकडे पाहिले. मी सर्वांत म्हातारा, म्हणून बहुधा. मी जाळीच्या कडेने वर गेलो.

राजेश जाळीमागे उभा होता. त्याचे दोन्ही हात रिकामे होते. टेप त्याच्या गुडघ्याजवळून पुढे गेला होता, आणखी चार-पाच पावले, शेवटच्या काजूच्या सावलीत. तिथे तो बांधावर टेकवलेला होता. कडीवर एक हात होता. मनगटापर्यंतच दिसला, बाकीचे खोडामागे. हात भाटाच्या मातीच्याच रंगाचा होता. मधल्या बोटाच्या पेरावर, लेखणी टेकते तिथे, एक जुना टणक घट्टा होता.

मी माझा उजवा हात खिशात घातला. का, ते सांगता येत नाही.

मग कडी सुटली आणि टेप गवतातून सळसळत खाली गेला. खोडामागे जाऊन पाहायचे धैर्य राजेशला नव्हते आणि मला गरज नव्हती.

“सही करा,” मी त्याला म्हणालो.

त्याने केली.

६

३१ मार्चच्या तारखेची मंजुरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हाती आली. साहेबांनी अंदाजपत्रकातली एकच बाब खोडली होती : फाटक. कारंजे जसेच्या तसे मंजूर. त्यामुळे कोंडाळच्या बागेत कारंजे आहे, पण आत शिरायला कुंपणात ठेवलेली फट आहे.

खाणीचा अर्ज निकालात निघाला. ती बातमी आली त्या दुपारी गावात जे झाले ते मी आयुष्यात पाहिले नव्हते. सगुणने फटाक्यांची माळ थेट खाणीच्या तारेला बांधून लावली. देवळातला ढोल बाहेर आला. अनुसयेने ट्रंक उघडली, देव पुन्हा देव्हाऱ्यात बसवले, आणि साऱ्या गावाला गूळ-खोबरे वाटत फिरली. माझ्यापाशी आली तेव्हा दुप्पट मूठ भरून म्हणाली, “भाऊ, शिकिल्लो मनीस असो जाय. लिवलें आनी जालें.”

मला ते फार आवडले. खोटे कशाला सांगू?

बेळगावकडचे कामगार आले. महिन्यात कुंपण उभे राहिले, चिऱ्यांची पायवाट झाली. मोकळ्या झालेल्या त्या लाल पट्ट्यांत लावलेली हिरवळ बाकीच्या जागेपेक्षा दुप्पट वेगाने धरली. तीस मे रोजी, घटकराज्याच्या वाढदिवशी, उद्घाटन झाले. माझ्या गळ्यात अबोलीचा हार पडला. सगुण भाषणात म्हणाला, “खाणीन डोंगर खालो, पूण आमच्या भाऊन तिच्या तोंडांतल्यान साडेआठ मीटर परत ओडून काडले!” टाळ्या थांबेनात. कारंज्याचे पाणी तिसऱ्या प्रयत्नाला वर गेले. मी पहिल्या बाकावर बसलो होतो आणि माझ्या कचेरीतल्या सगळ्या साहेबांची नावे मनात घेऊन एकेकाला तो हार दाखवत होतो.

अशा वेळी माणसाने काही लिहू नये.

जुलैत सगुण म्हणाला, सरकार दुसरा टप्पा देतेय, पन्नास हजार, लगेच पाठवा. मी एका दुपारी लिहिला. रक्कम आधी, खर्च मग, जागा शेवटी. वर आता खाणीचा रस्ता होता, म्हणून खालच्या बाजूला बारा मीटर धरले. साहेब कापून सहा करतील हा हिशोब. मुलांची घसरगुंडी, दोन बाक, एक निशिगंधाचा वाफा. कागद पणजीला गेला. सवयीचा हात होता. आणि मला वाटे, जो काही प्रकार होता तो वरच्या अंगाचा.

खालच्या दगडापासून अनुसयेचे घर नऊ मीटरवर आहे, हे मी या टिपणाच्या सुरुवातीला लिहिले आहे. तो कागद लिहिताना मला ते आठवले नाही.

७

चतुर्थी होऊन गेली. मी अनुसयेकडे उकड्या तांदळाची पेज प्यायला बसलो होतो. ती चुलीकडून पाण्याच्या कळशीकडे गेली, परत आली, आणि हसली.

“कितें गो?” मी विचारले.

“कांय ना. चुलीकडल्यान कळशेकडे चार पावलां लागतालीं. हालीं तीनच लागतात.” तिने पेजेवर लोणच्याची फोड ठेवली. “म्हातारपणां पावलां उणीं पडटात तें बरेंच न्हय?”

मी पेज तशीच ठेवून उठलो. घरून पोलादी टेप आणला आणि दगडापासून तिच्या सोप्याच्या कडेपर्यंत मोजले. दगड जागचा हलला नव्हता. त्याभोवतीचे शेवाळ तसेच होते. सोप्याची कड हलली नव्हती. मधे आठ मीटर चाळीस होते. टेपचे दुसरे टोक मी सोप्याच्या खांबाला दोरीने घट्ट बांधले होते, कुणालाही धरायची वेळ येऊ नये म्हणून.

स्वयंपाकघराच्या जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, हातभर रुंद, ओली लाल माती उघडी पडली होती. सपाट.

मी अनुसयेला सगळे सांगितले. बारा मीटर, निशिगंधाचा वाफा, नकाशात तो नेमका कुठे येतो ते. ती उठून जनेलापाशी गेली आणि बागेकडे पाहू लागली. सायंकाळची गर्दी होती. पोरे कारंज्याभोवती ओरडत होती, बायका बाकांवर बसून गजरे विणत होत्या. खाणीच्या दिशेने धूळ नव्हती.

“घर सोड,” मी म्हणालो. “मांद्र्याला बहिणीकडे जा थोडे दिवस.”

“खाणीक भिवन गेलें ना,” ती म्हणाली, “आनी आता तुमच्या निशिगंदाक भिवन वचूं? भाऊ, तुमीच लिवलां. तुमीच खोडा.”

तेवढे मला येते. दुसऱ्या टप्प्याचे अंदाजपत्रक मागे घेण्याबाबतचा अर्ज मी १९ सप्टेंबर १९८८ रोजी पणजीला स्वतः नेऊन दिला. खिडकीवरच्या कारकुनाने मला ओळखले, चहा मागवला, आणि सांगितले की प्रस्ताव वर गेला आहे. वर गेलेला कागद वरून खाली येईपर्यंत मागे घेता येत नाही. खोडलेली प्रत चालणार नाही. त्या जागी सुधारित प्रत द्यायची तर नवे मोजमाप जोडावे लागेल, दोन माणसांच्या सहीने : एक खालचे टोक धरणाऱ्याची, एक वरचे. मी दुसरी सही आणू शकलो नाही. बाबली तयार नाही, सगुण विषय बदलतो.

त्यानंतर दोन स्मरणपत्रे पाठवली आहेत. उद्यानाला जिल्ह्यातून दुसरे बक्षीस मिळाले. अनुसया घरातच आहे, प्रकृती उत्तम. दगडापासून सोप्यापर्यंतचे आजचे माप सात मीटर नव्वद. अर्ज प्रलंबित आहे.